नावाडिणीचा राग

एका नगरीत एक पोथीशाळा होती आणि तिथे म्हाळसा नावाची एक बाई पोथ्यांना ऊन दाखवण्याचे काम करी. ऊन दाखवता दाखवता ती वाचायला शिकली. कुणी शिकवले नाही. अडवणारे मात्र ढीगभर होते. पोथी पुसायची, वाचायची नाही, असा तिथला नियम.

त्या देशात नावाडिणीचे एक जुने काव्य सर्वांना पाठ होते. नावाडीण सगळ्यांना पैलतीरी पोचवते आणि शेवटी होडी वळवून एकटीच प्रवाहाबरोबर निघून जाते. का जाते? सगळे टीकाकार म्हणत, वैराग्याने. राजगुरूंनीही तेच लिहिले होते. राजाने सभा बोलावली. जो आपला अर्थ आधारासह सिद्ध करील, त्याला पोथीशाळेत आसन आणि कोणतीही पोथी उघडण्याचा अधिकार.

म्हाळसेने दोन वर्षे खपून आपले म्हणणे बांधले होते. वैराग्य कसले, बाई रागावून गेली. अठरा जण होडीतून उतरतात, एकही तिला ‘जेवलीस का’ म्हणून विचारत नाही.

सभेच्या आदल्या दिवशी एका जुन्या टीकेची चिकटलेली दोन पाने उन्हाने सुटली. आत त्या काव्यातली एक गळालेली ओवी होती. अठरांच्या मागून उतरणारी एकोणिसावी, एक आंधळी म्हातारी, नावाडिणीला विचारते, जेवलीस का? म्हाळसेचे दोन वर्षांचे म्हणणे एका ओवीने पाडले.

पोथीशाळेचे त्र्यंबकशास्त्री सुपारी कातरत शेजारीच होते. त्यांना तिची कणव आली. म्हणाले, “म्हाळसे, इतकी वर्षं चिकटलेलं होतं, आणखी एक दिवस चिकटू दे. कोण बघतंय?”

“मी बघितलं ना, शास्त्रीबुवा.”

सभेत एका पंडिताने चाळीस टीका धडाधड म्हणून दाखवल्या. राजगुरूंनी विचारले, यात तुमचे काय? पंडिताने एक्केचाळिसावी टीका सुरू केली. दुसऱ्याने नवाच अर्थ सांगितला. कशावरून, असे विचारताच म्हणाला, मला वाटते. सभा हसली.

मग म्हाळसा उठली. तिने आधी वैराग्याची बाजू मांडली, तीही राजगुरूंच्याच टीकेतून, एक शब्द न गाळता. मग नावाडीण रागावून गेली, कारण तिला कुणीच ‘जेवलीस का’ विचारले नाही, हे आपले म्हणणे मांडले आणि लगेच ते पान वाचले. ‘कुणीच विचारले नाही’ हे माझे म्हणणे खोटे पडले, असे तिने स्वतःच सांगितले. लोक कुजबुजले, ही हरायलाच आली की काय.

“मग उरलं काय तुमचं?” राजगुरू म्हणाले.

“त्याच पानावरची पुढची ओळ उरली, महाराज. आंधळीनं विचारलं आणि नावाडिणीच्या हातून वल्हं सुटलं. पुढच्याच ओवीत ती होडी वळवते. डोळस अठरांना तिचं सुकलेलं तोंड दिसलं नाही, ते आंधळीला कळलं. विरक्त बाईला एवढा साधा प्रश्न असा झोंबेल का? ती रागावूनच गेली, त्या अठरांवर.”

पंडितांनी दिवेलागणीपर्यंत शंका काढल्या. म्हणणे जागचे हलेना.

शेवटी राजगुरू आपल्या आसनावरून सरकले आणि त्यांनी शेजारी जागा केली. “बाई, माझं म्हणणं तुम्ही माझ्याहून नीट मांडलंत आणि मगच पाडलंत. बसा इथे.”

तात्पर्य: आधार चार पोथ्यांचा घ्यावा, पण म्हणणे आपले असावे; आणि आपल्याविरुद्ध जाणारे पान दुसऱ्याने उघडण्याआधी आपणच उघडावे.