खोडलेले ‘म्हणे’

फार जुनी गोष्ट आहे. डोंगरांनी वेढलेल्या एका राज्यात, घाटाच्या पायथ्याशी साठ उंबऱ्यांचे एक गाव होते. त्या गावच्या शाळेत मी तीस वर्षे व्याकरण शिकवले आणि निवृत्त झाल्यावर गावाच्या वार्ता तपासण्याचे काम स्वीकारले. पुढे जे घडले त्यात माझा वाटा एका शब्दाचा आहे. तो शब्द मी खोडला. हे आरंभीच सांगून ठेवते, म्हणजे दोष कोणाचा ते शोधण्यात वाचकांचा वेळ जायला नको.

आणखी एक. या गोष्टीत जो जसा बोलला, तसेच मी लिहिले आहे. कोणाचीही भाषा सुधारलेली नाही. का, ते पुढे कळेल.

त्या गावात एक जासूद होता. दर आठवड्याला तो पायी निघे, घाट चढून पलीकडच्या पेठेत जाई आणि नदीकाठाच्या लांब वाटेने परत येई. पेठेत मीठ कोणत्या भावाने सुटले, कोणत्या ओढ्यावरचा साकव वाहून गेला, राजाचा कोणता हुकूम निघाला, कोठे गुरांना रोग लागला, हे सारे तो जाड कागदावर लिहून काढी आणि घरोघरी एकेक कागद पोहोचवी. त्याबद्दल प्रत्येक घर त्याला महिन्याला एक शेर तांदूळ देई.

त्याचा नियम एकच होता. जेथे तो गेला नाही, तेथली बातमी त्याच्या कागदावर येत नसे.

झिजलेल्या वहाणा तो टाकून देत नसे. चावडीच्या भिंतीवर खुंट्यांची रांग होती. तेथे तो त्या अडकवी. खुंट्या भरल्या की सर्वांत जुना जोड खाली उतरे. परगावचा पाहुणा आला की गावकरी त्याला आधी देऊळ दाखवीत आणि मग त्या वहाणा.

एके वर्षी राजधानीतून एक कारागीर काळ्या दगडाच्या पाट्या घेऊन आला. तो म्हणाला, “या जुळ्या पाट्या आहेत. साऱ्या एकाच खडकातून काढल्या. मूळ पाटीवर जे लिहाल, ते त्याच क्षणी घरोघरच्या पाटीवर उमटेल.”

त्याने लिहून दाखवले, आणि तसेच झाले. मूळ पाटी चावडीत बसवण्यात आली. एकेक शेळी देऊन प्रत्येक घराने आपापली पाटी घेतली. मीही घेतली. अक्षर फार सुबक उमटत असे, हे मान्य केले पाहिजे.

जासूद आता कागदाऐवजी मूळ पाटीवर लिहू लागला. महिना संपला तेव्हा तो नेहमीप्रमाणे पिशवी घेऊन दारोदार गेला आणि जवळजवळ रिकामी पिशवी घेऊन चावडीत आला. पाटलांनी गाव जमवला.

“कागद नाही, शाई नाही, दारात येणं नाही,” गावातला तेलाचा व्यापारी म्हणाला. “मग शेर कशाचा मागतोस?”

“पाटीपायी शेळी गेली की आमची!” मागून कोणीतरी ओरडले. “आता अक्षरालाबी तांदूळ?”

“उद्या म्हणेल, वाचताना पापणी लवली, तिचाही शेर टाका,” व्यापारी म्हणाला, आणि चावडी खो-खो हसली.

जासूद हसला नाही. खुंटीवरचा एक जोड काढून त्याने तो मधोमध ठेवला. दोन्ही टाचांना भोके पडली होती.

“मंडळी, शेर कागदाचा कवाच नव्हता,” तो म्हणाला. “ह्याचा हुता. पाटी अक्षर पोचवती. पाटी घाट चढत न्हाई.”

तो बोलला ते खरे होते. परंतु कागद आम्ही दर आठवड्याला हातात घेतला होता, त्याचे चालणे कधीही हातात घेतले नव्हते.

सभेत घोंगड्या विणणारी एक बाई बसली होती. तिच्या घरी खाणारी तोंडे सहा आणि माग एक. वर्षभर विणलेल्या घोंगड्या गाढवांवर लादून ती आणि तिचा नवरा पलीकडच्या पेठेतल्या थंडीच्या जत्रेला नेत. जत्रा तीनच दिवसांची असे. तेथे घोंगड्या खपल्या, तर वर्षाचे धान्य आणि मीठ घरी येई. जत्रा चुकली, तर वर्ष चुकले. ती उठून म्हणाली, “मी देती माझा शेर. मला वाटंची बातमी लागती.”

पण एका शेरात वहाणेचा अंगठासुद्धा शिवून होत नाही.

तेव्हा व्यापारी पुढे आला. “पाटी मी लिहितो. फुकट! माझ्या दुकानात दहा गावची माणसं येतात, दहा गावच्या बातम्या आपल्या पायांनी चालत येतात. फक्त वरच्या दोन ओळी माझ्या तेलाच्या.”

गावाला हे पसंत पडले. पाटलांनी मला विचारले, “बाई, तपासायला तुम्ही आहातच ना?”

“आहे,” मी म्हणाले. “एकही अशुद्ध वाक्य पाटीवर जाणार नाही.”

जासूद घरी गेला आणि अंबाडीचे दोर वळू लागला. जाण्यापूर्वी त्याने पाटीवर शेवटची बातमी लिहिली : “घाटाच्या वाटेवर दरड कोसळली आहे. वाट बंद आहे. मी पाहिले.”

व्यापाऱ्याच्या बातम्या भरपूर असत आणि चुरचुरीत असत. राजाची हत्तीण व्याली म्हणे. पेठेत मीठ महागले म्हणे. शेजारच्या गावच्या पुजाऱ्याने दाढी ठेवली म्हणे. प्रत्येक वाक्याच्या शेवटी एक ‘म्हणे’ शेपटासारखे लोंबत असे, आणि ते पाहून माझे डोके उठत असे.

“शेटजी, कोण म्हणे?” मी एकदा विचारले. “या क्रियापदाचा कर्ता कोठे आहे?”

“लोक, बाई. लोक म्हणे.”

“लोक अनेकवचनी आहेत. लोक म्हणतात.”

“मग तुम्हीच काय ते सरळ करा. मला तेल मोजायचंय.”

मी सरळ केले. एकूण एक ‘म्हणे’ खोडून टाकले. वाक्ये ताठ उभी राहिली. हत्तीण व्याली. मीठ महागले. गावात माझी वाखाणणी होऊ लागली की, बाईंचा हात लागल्यापासून पाटी कशी ठामपणे बोलते. मला ते आवडले, हेही लिहून ठेवते.

जत्रेला दहा दिवस उरले होते. लादलेल्या गाढवांसह घाटाची वाट म्हटली तर दीड दिवसाची. नदीकाठाचा वळसा घेतला तर पुरते सहा दिवस. घाट बंद, म्हणून घोंगडीवालीने वळशाने निघायचे ठरवले होते. सकाळी तीन गाढवांवर ओझी चढली, दोर आवळले गेले, आणि तेवढ्यात पाटीवर अक्षरे उमटली : “घाटाची वाट मोकळी झाली.”

ती तशीच माझ्या दाराशी आली.

“बाई, वाट मोकळी झाली, हे खरं न्हवं?”

“पाटीवर लिहिले आहे,” मी म्हणाले. “माझ्या हाताखालून गेले आहे.”

“मग काळजी मिटली. आज निघायचं कशाला? आणखी दोन घोंगड्या हुतील तंवर.” ती आनंदाने परत गेली आणि तिने ओझी उतरवली.

जत्रेला तीन दिवस उरले, तेव्हा ती आणि तिचा नवरा घाटाने निघाले. अर्ध्या चढावर वळण घेताच समोर दरड दिसली. ती होती तशीच होती. एक दगडही हललेला नव्हता. वाट इतकी अरुंद होती की, गाढवे जागच्या जागी वळवावी लागली. दोन वळली. तिसऱ्याचा मागचा पाय घसरला आणि वीस घोंगड्यांसकट ते दरीत गेले.

वळशाने जाण्याइतके दिवस आता उरले नव्हते. जत्रा चुकली.

ती गावात परतली ती थेट चावडीत आली. हातात गाढवाचा रिकामा कासरा होता. तो तिने माझ्यासमोर ठेवला.

“बाई, तुमच्या अक्षरावर मी वझी उतरवली हुती,” एवढेच ती म्हणाली.

पाटलांनी पुन्हा गाव जमवला आणि व्यापाऱ्याला विचारले, “वाट मोकळी झाली, हे तुला कोणी सांगितलं?”

“कासारणीनं. बांगड्या विकायला आली होती.”

कासारीण सभेतच होती. “मला नावाड्यानं सांगितलं,” ती म्हणाली. “त्याच्याच होडीत ऐकलं मी.”

नावाड्याला बोलावून आणले. तो डोके खाजवू लागला. “मी कवा सांगितलं? अगं, एक वाटसरू मलाच इचारत हुता, ‘घाटाची वाट मोकळी झाली का?’ मी म्हणलं, ‘ठावं न्हाई बाबा.’ तू टोकाला बसली हुतीस. तुझ्या बांगड्यांच्या खळखळाटात तुला ‘का’ ऐकू गेलं नसंल.”



“म्हणून तर मी ‘म्हणे’ लावलं होतं!” कासारीण म्हणाली. “माझ्या डोळ्यांनी बघितलं, असं मी कुठं म्हणाले?”

“मीही लावलं होतं,” व्यापारी म्हणाला. “मोकळी झाली म्हणे. असंच लिहून दिलं होतं मी.”

सारे माझ्याकडे पाहू लागले. ‘का’ नदीत पडला होता. ‘म्हणे’ मी खोडले होते.

मी उभी राहिले. आयुष्यभर मी मुलांना चुका उभे राहून सांगायला लावल्या होत्या. आज माझी पाळी होती. मी म्हणाले, “बोलणारा ‘म्हणे’ म्हणतो, तेव्हा ‘हे मी पाहिलेले नाही,’ अशी कबुली देत असतो. ती कबुली मला वाक्याचा दोष वाटली. मी ती पुसली, आणि ऐकीव गोष्ट पाहिल्यासारखी दिसू लागली. वाक्य शुद्ध झाले आणि बातमी खोटी झाली. चूक माझी आहे.”

“एकट्या बाईंची कशी?” पाटील म्हणाले. “जाऊन बघणारा माणूस आपण सगळ्यांनी घरी बसवला.”

“फुकटात मी आणखी काय देणार होतो?” व्यापारी पुटपुटला. “माझ्या दुकानाला पाय नाहीत.” तो हे चिडून बोलला, पण त्या दिवशी चावडीत बोलले गेलेले हे सर्वांत खरे वाक्य होते.

जासुदाला बोलावणे गेले. तो आला तेव्हा त्याच्या हातांना अंबाडीचे तंतू चिकटलेले होते. त्याने खुंट्यांकडे पाहिले.

“आठवण झाली वाटतं वहाणांची?”

“झाली,” पाटील म्हणाले. “आता टोमणे मारशील की चालशील?”

“दोन्ही करीन. शेर द्या.”

मग वाद पेटला. कोणी म्हणाले, जो शेर देणार नाही, त्याची पाटी कोरी ठेवा. कारागिराने तशी सोय करून दिलीच होती. मूळ पाटीवर घराची खूण पुसली की त्या घरी अक्षर उमटत नसे. कोणी म्हणाले, हा अन्याय आहे. आवाज चढले. तेव्हा घोंगडीवाली बोलली.

“दरड पडली, पूर आला, साथ आली, ही बातमी समद्यांच्या पाटीवर जाऊ द्या. त्यापायी कुणाची पाटी कोरी ठिवू नका. पेठेचं भाव, राजाचं हुकूम, कुणाचं लगीन, कुणाचं बारसं, ते शेर देणाऱ्याला.”

“तुझं गाढव गेलं, तरी तू हे म्हणतेस?” पाटलांनी विचारले.

“गाढव गेलं, म्हणूनच म्हणती.”

अखेर ठरले ते असे. जासुदाने पुन्हा चालावे. ज्याला पूर्ण बातम्या हव्यात, त्याने महिन्याला एक शेर द्यावा. संकटाची बातमी मात्र साऱ्या पाट्यांवर उमटावी. प्रत्येक बातमीच्या शेवटी ‘पाहिले’ किंवा ‘ऐकले’ लिहावे, आणि कोणी ‘म्हणे’ म्हटले असेल, तर ते कोणीही खोडू नये. व्यापाऱ्याच्या तेलाच्या दोन ओळी वरून खाली आणाव्यात व त्यांखाली त्याचे नाव असावे.

साठांपैकी त्रेचाळीस घरांनी हे मान्य केले. अकरा घरे म्हणाली, “आधी दोन महिने बघतो.” सहा घरांनी साफ नाही म्हटले, कारण शेजाऱ्याची पाटी त्यांना खिडकीतून दिसत होती. व्यापाऱ्याने कुरकुर करीत मान डोलावली. जासुदाने होकार दिला आणि एक अट घातली : पहिल्या महिन्याचा तांदूळ घोंगडीवालीच्या घरी जावा. ती अट सर्वांनी मान्य केली.

त्या थंडीत रोज सकाळी तिच्या घरी जाऊन लोकर पिंजून देण्याचे मी कबूल केले. तिने माझ्या हातांकडे पाहिले.

“बाई, तुमच्यानं हुईल का?”

“तू ‘का’ लावलेस, हे बरे केलेस,” मी म्हणाले. “करून पाहते, मग सांगते.”

या गोष्टीचा बोध मी एका वाक्यात लिहिते, आणि तो मी पाहिलेला आहे : अक्षर पाटीवर फुकट उमटते, परंतु सत्य कोणाला तरी चालत जाऊन आणावे लागते, म्हणून ज्याच्या डोळ्यांवर आपण विसंबतो, त्याच्या वहाणांचा भार आपणच उचलावा.