पंगतीचं टोक

जागा एक आणि उमेदवार बारा! चिमणगडच्या उदेभान महाराजांनी मोठ्या हौसेनं दवंडी पिटवली होती, की यंदाचा दिवाण रयतच निवडेल. उमेदवारागणिक एक मडकं. ज्याच्या मडक्यात खडे जास्त, तो दिवाण. आता तेच महाराज डोक्याला हात लावून बसले होते.

बारांतला एक होता रणधुमाळे. हा गडी दिवाण झाल्याबरोबर गावचं तळं फोडून तिथं घोडदौडीचं मैदान करणार होता. शिवाय शेजारच्या तिन्ही राज्यांशी एकाच दिवशी लढाई करणार होता, एकाशी सकाळी, एकाशी दुपारी, एकाशी दिवेलागणीला! दर चार माणसांत एकाला तो फार आवडायचा. उरलेल्या तिघांना तो मुळीच नको होता, पण त्यांचे खडे अकरा मडक्यांत वाटले जाणार होते. कारण बाकीचे अकराही जण मवाळ, आणि अकराही जण एकच बोलायचे, "थोडं तुमचंही खरं, थोडं त्यांचंही खरं!"

बरं, शर्यतीतून उठायला कुणी तयार नाही. महिनाभर महाराजांचा पाहुणा म्हणून राजवाड्याचं तूप ओरपत जो तो म्हणे, "बाकीचे दहा उठतीलच की! ते उठले की त्यांचे खडे माझेच!" अर्धापूरकरांना तर त्यांच्या घरचंसुद्धा कुणी खडा टाकणार नव्हतं. पण तेही रोज बोट ओलं करून हवेत धरायचे आणि म्हणायचे, "वारं फिरतंय हो!"

हे सगळं ठकू भोईण ओसरीवर बसून ऐकत होती. राजवाड्याच्या पंगतींना कमळाची पानं पुरवायची, ती तिनंच. तळं फुटलं तर पानं जाणार, मासळी जाणार आणि सगळी भोईआळी उघड्यावर पडणार. या धास्तीनं तिला अन्न गोड लागत नव्हतं. अकरांतला एकच जण, तात्या निमकर, तळ्यावर येऊन "बाई, या तळ्यावर तुमचं काय काय चालतं?" असं विचारून गेला होता. पण त्याचा आवाज इतका बारीक, की रयतेला तो उमेदवार आहे हेच ठाऊक नव्हतं.

"म्हाराज, उठवा की ह्यांना," ठकू न राहवून म्हणाली.

"पाहुण्याला ऊठ म्हणू? मी शब्द दिलाय!"

"ऊठ कशापायी म्हनायचं? मानसं आपल्या पायानं उठत्यात."

महाराज हट्टी. त्यांची मिशी थरथरली. "असं? मग उद्या दिवस बुडायच्या आत अकरांतला एकच उरव! कुणाला ऊठ म्हणायचं नाही, ढकलायचं नाही, उपाशी ठेवायचं नाही. नाही जमलं, तर तळ्याच्या बांधावर पहिली कुदळ तुझी!"

ठकूनं पदर खोचला. "जमतंय की. फकस्त एक पंगत द्या. आन् येक नियम, पानावरनं उठला तो शर्यतीतनं उठला."

"उठतंय कोण!" अकराही जण हसले. एकानं तर लोड मागवून घेतला.

दुसऱ्या दिवशी चौकात सगळ्या गावादेखत एका ओळीत पंगत बसली. "तुमी हितं बसा, तुमी तितं," करत ठकूनं एकेकाला पानावर बसवलं. जिलबी आली. "अर्धीच वाढा!" अकरा तोंडं एकदम बोलली. भात झाला, मठ्ठा झाला, ऊन कलायला लागलं, तरी एक जण हलेना. महाराजांनी कुदळ मागवली.

ठकू मठ्ठ्याचं भांडं घेऊन ओळीच्या डाव्या कडेला गेली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "टोकाच्या पाव्हण्यांना मठ्ठा वाढू का?"

अर्धापूरकर दचकले. "कोण टोकाचा?"

"तुमीच की! ह्या अंगाला तुमच्या पल्याड कुनी हाय का?"

"अरे, अर्धापूरकर टोकाचे निघाले!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं. "आम्हाला वाटलं, रणधुमाळेच तेवढे!"

"मी? टोकाचा?" अर्धापूरकर किंचाळले. "अहो, मी जन्मात छत्रीसुद्धा अर्धीच उघडली! सरका, मला मधे जागा द्या!" आणि ते ताडकन उभे राहिले.

"पानावरनं उठलासा, पाव्हणं!" ठकू म्हणाली, आणि तरातरा उजव्या कडेला निघाली. तिला येताना पाहूनच तिकडचे समतोलराव पळाले.

मग काय! हे दोघे उठले, तसे त्यांच्या शेजारचे टोकाला आले. ठकू एकदा इकडे, एकदा तिकडे. "टोकाच्या पाव्हण्यांना मठ्ठा?" की पाहुणा उभा! महिनाभर जे एकमेकांच्या उठण्याची वाट पाहत होते, तेच आता शेजाऱ्याचं धोतर धरून गयावया करू लागले, "बसा हो, बसा! तुम्ही उठलात तर मी टोकाला येईन!" एकाचं तर धोतर शेजाऱ्याच्या हातातच राहिलं आणि गडी तसाच धावला.

शेवटी मधोमध तात्या निमकर तेवढे उरले. ते शांतपणे मठ्ठा पीत होते.

"अगं, पण आता हाच टोकाला आला की!" महाराज ओरडले. "दोन्ही बाजूंनी!"

"येकट्याच्या पंगतीला कसलं टोक, म्हाराज? तितं नुसतं पान आन् पोट!"

दुसऱ्या दिवशी मडकी दोनच मांडली. निमकरांचं काठोकाठ भरलं. रणधुमाळे घरी गेला आणि भावकीशीच लढू लागला, सकाळी, दुपारी आणि दिवेलागणीला.

महाराजांनी ठकूला बोलावून घेतलं. "नवा दिवाण सांगत होता, तुमच्या तळ्यावर येऊन गेलाय म्हणे. तुमची विचारपूस करणारा तेवढा एकच, आणि नेमका तोच उरला! नशीब म्हणायचं तुझं!"

"नशीब कसलं, म्हाराज?" ठकू म्हणाली. "पानं मांडली कुनी?"

 महाराज असे हसले, असे हसले, की डोक्यावरचा मंदिल घसरून मांडीत पडला! तळं त्यांनी भोईआळीला कायमचं लिहून दिलं, आणि ठकूला सोन्याचं कमळपान दिलं. मात्र त्यानंतर उदेभान महाराज कुठल्याही पंगतीला बसण्याआधी पानं कुणी मांडलीत, ते आधी विचारून घेऊ लागले.