अजगरासाठी ऊब

“म्हणजे बाबा, तुमचा माझ्या कामावर विश्वास नाही, असंच ना?”

इंद्रजितचा आवाज चढला होता. तळकोंडीच्या मठात जखमी सापांची शुश्रूषा होत असे. वीज कंपनीतली नोकरी सोडून तो तिथे शिष्य म्हणून राहिला होता.

मठाचे प्रमुख कैवल्यबाबा त्याच्यासमोर खाली बसले.

कोपऱ्यात पोत्यांवर अजगर पडून होता. विहिरीच्या गार पाण्यातून काढलेला, जवळजवळ निपचित. अंधाराबरोबर गारठा पडेल, तोवर ऊब मिळाली नाही तर तो तग धरणार नाही, असं जनावरांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. ऊन उतरत चाललं होतं.

इंद्रजितने लाकडी पेटी कुशीवर कलती केली होती. तिच्या तळाला बाहेरून त्याने हीट टेप बसवली होती : ऊब देणारी, कागदासारखी पातळ विजेची पट्टी. पट्टीला वायर जिथे जोडली होती, तिथेच बाबांची नजर खिळली होती. मागच्या थंडीत अशाच एका जोडात पाणी झिरपलं होतं. सकाळी पेटीतली धामण शॉक बसून मेलेली सापडली होती.

तो जोड दुसऱ्या कुणी केला होता, हे इंद्रजितने पुन्हा एकदा सांगितलं.

“मी पदवी घेतलीय याची.”

“घेतली असशील. अजगराने ती पाहिलेली नाही.”

“वेळ जातोय, बाबा.”

“मग कर चालू.”

बाबांनी अजगरासाठी भरून ठेवलेल्या पाण्याच्या वाडग्यात हात बुडवला आणि तसाच, निथळता, जोडावर ठेवला.

इंद्रजितचं बोट बटणापर्यंत गेलं...

“हात काढा.”

“का?”

“ओला आहे.”

“अजगरही ओला असेल. पाणी सांडणारच तो.”

बोट बटणावर होतं. बाबा त्याच्याकडे पाहतसुद्धा नव्हते. अजगराच्या अंगावरचं ऊन सरकून भिंतीवर गेलं...

इंद्रजितने प्लग काढला.

बाबांनी हात बाजूला घेतला.

त्याने जोडावरचं आवरण सोललं. वायर ओढून पाहिली. वायर पट्टीला जोडणाऱ्या चिमट्याचे दात पट्टीतल्या तांब्यात रुतले आहेत का, हे बोटाने चाचपलं. मीटर लावून तपासलं, मग पुन्हा तपासलं. कुठेच काही चुकलं नव्हतं. त्याचे कान तापले. तरीही त्याने जोड नव्याने, कडेपासून कडेपर्यंत, नीट बंद केला.

मग प्लग परत लावला, वाडग्यात स्वतःचा हात बुडवला, जोडावर ठेवला आणि दुसऱ्या हाताने बटण दाबलं.

...

पट्टी हळूहळू कोमट झाली.

“उगाच उघडायला लावलंत,” तो म्हणाला. “जोड मघाशीही पक्काच होता.”

“होता,” बाबा म्हणाले. “आता त्याला आण.”