सासूबाईंची ओली मेथी

एका गावात एक सासू होती. तिच्या मेथीचं आठवडी बाजारात फार नाव. पहाटे जुड्या बांधायच्या, त्यांवर पाण्याचा हबका मारायचा आणि टोपलीत रचायच्या, ही तिची पद्धत. "पाण्याशिवाय मेथी हसत नाही," असं ती म्हणायची आणि गावातल्या साऱ्या बायका तिचंच पाहून शिकल्या होत्या.

पण बाजार लहान. सगळ्यांची मेथी एकाच दिवशी तिथे जायची आणि उरलेली संध्याकाळी म्हशींपुढे पडायची. म्हणून गावाने मिळून एक भाजीघर काढलं. सगळ्यांनी माल तिथे आणायचा, निवडून क्रेटमध्ये भरायचा आणि एकाच टेम्पोने शहरात पाठवायचा. शहरातल्या दुकानदाराने सांगून ठेवलं होतं, "पहिली गाडी बघतो. माल चांगला निघाला तर रोज घेईन. नाहीतर आपला रामराम."

माल तपासायचं काम सासूच्या सुनेकडे आलं. सून शिकलेली होती, पण शिक्षणापेक्षा तिच्याकडे काळजीच जास्त. बाळ रडलं की काळजी, बराच वेळ रडलं नाही की त्याहून जास्त. तिने सगळ्यांना बजावलं होतं, पालेभाजी कोरडी आणा. बंद गाडीत ओली भाजी तापते, सडते आणि शेजारची क्रेटही बिघडवते.

पहिल्या गाडीच्या सकाळी सासू आली. डोक्यावर टोपली, कडेवर नातू. टोपलीतून पाणी ठिबकत होतं.

सुनेने जुड्यांना हात लावून पाहिला. मेथी घ्यावी, तर साऱ्या गावाची गाडी बिघडणार. परत करावी, तर चारचौघांत सासूचा अपमान.

"आत्याबाई," ती हळूच म्हणाली, "मेथी ओली आहे."

"मग काय कोमेजलेली आणू?"

"शहर लांब आहे हो. पोचेपर्यंत लगदा होईल."

"तुझ्या जन्माआधीपासून मेथी विकतेय मी."

"म्हणूनच म्हणते. तुमची मेथी सडकी निघाली, असं कुणी म्हटलेलं मला ऐकवणार नाही."

सुनेचा आवाज कापत होता, पण मेथी तिने घेतली नाही. सासूने बाळ तिच्या हातात दिलं आणि टोपली सावरून घरची वाट धरली.

मग शेजारीण भरलेल्या क्रेटपाशी गेली. "सासूची परत केलीस, आता माझी कुठली ठेवतेस? माझ्या खालच्या जुड्या ओल्याच आहेत," म्हणत तिने त्या बाहेर काढल्या. तिच्यामागून आणखी दोघी-तिघी खाली मान घालून आपापल्या ओल्या जुड्या काढायला आल्या.

टेम्पो अर्धाच भरला. "एवढ्यासाठी मला बोलावलंत होय?" टेम्पोवाला म्हणाला.

त्या दिवशी घरोघरी मेथीच शिजली. पोरं ताटावरून पळाली. सासू-सुनेनेही ती खाल्ली, एकमेकींकडे पाठ करून.

दुसऱ्या दिवशी दुकानदाराचा निरोप आला, "माल थोडा होता, पण एकही जुडी टाकावी लागली नाही. उद्यापासून रोज पाठवा."

सासूने ऐकलं आणि नुसतं "हं" केलं. पण पुढच्या सकाळी ती सगळ्यांच्या आधी भाजीघराच्या दारात नातवाला घेऊन बसली होती. तिची मेथी खडखडीत कोरडी होती आणि आता ती इतरांच्या जुड्या चाचपत होती.

"ही ओली. घरी ने."

"अहो काकी, दव आहे ते."

"दव मी ओळखते. घरी ने."

सून तोंड फिरवून हसली.

तात्पर्य: सगळ्यांचा माल एका गाडीत घालायचा, तर नियम आधी आपल्या घरच्या टोपलीला लावावा, आणि तो लावताना आवाज कापला, तरी चालतो.