धैर्यधर राजाचा वैताग

शिरवळगडच्या धैर्यधर राजाला कुणाचंच काही सहन होईना!

सकाळी हुजऱ्या चपला फटक फटक वाजवत आला की राजाचं डोकं उठायचं. पुराणिकबुवा प्रत्येक वाक्याआधी 'तर मी काय म्हणत होतो' म्हणायचे, की राजा दात-ओठ खायचा. सेनापती कढी भुरकायचे, फडणीस नाक ओढायचे, आणि खजिनदार बोलता बोलता समोरच्याच्या दंडाला बोटानं ढोसायचे.

एके दिवशी खजिनदारांनी चुकून राजालाच ढोसलं. झालं! राजा ताडकन उठला.

"पुरे! आजपासून जो दुसऱ्याला वैताग आणील, तो कोठडीत!"

आठ दिवसांत कोठडी भरली. कढी भुरकणारे एका बाजूला, मोठ्यानं जांभया देणारे दुसऱ्या बाजूला. आता कोठडीत वैतागाला काय तोटा! आतूनच भांडणं ऐकू यायला लागली.

प्रधान अंबाजीपंत हात जोडून म्हणाले, "महाराज, अशानं बाहेर कुणी उरणार नाही. थोडी खोड प्रत्येकात असतेच."

"असतेच?" राजा कडाडला. "मग पैज! कुणालाही वैताग न आणणारा एक तरी माणूस येत्या सोमवारपर्यंत माझ्यापुढे उभा करा. मिळाला, तर सगळे सुटले. नाही मिळाला, तर सगळे वर्षभर आत, आणि प्रधानकी सोडून तुम्हीही त्यांच्यासोबत!"

प्रधानांनी राज्य पालथं घातलं. एक शांत पुजारी आणला. तो काही बोलला नाही, पण बसल्या बसल्या पाय हलवत राहिला. "घालवा!" मग एक मौनी साधू आणला. तो ना बोलला, ना हलला. नुसता मंद हसत राहिला.

"हा का हसतोय?" राजानं विचारलं. "माझ्याकडे बघून हसतोय! घालवा!"

रविवार उजाडला. प्रधान ओसरीवर डोकं धरून बसले होते. तेवढ्यात गोजरा कासारीण त्यांच्या लेकीसुनांना बांगड्या भरायला आली. गोजराचा नवरा लिंबाजी बोटं मोडतो म्हणून पहिल्याच दिवशी आत गेला होता.

"पंत, माझा घरधनी कधी सुटायचा?"

"बाई, त्या कटकटीची तुला एवढी आठवण येते?"

"कटकट आहेच हो! कडाकडा बोटं मोडतो, मी रोज ओरडते. पण ओरडायचं ते मी! राजानं कशाला मधे पडावं?"

त्या तशा अवस्थेतही प्रधानांना हसू फुटलं. त्यांनी तिला पैज सांगितली. गोजरानं बांगड्यांची चळत खाली ठेवली आणि क्षणभर विचार केला.

"एवढंच ना? मला एक मेणा द्या, पडदे लावलेला. आणि चार भोई द्या, तोंड बंद ठेवणारे. उद्या आणते मी तुमचा माणूस!"

सोमवारी भरदरबारात मेणा येऊन टेकला. पडदे घट्ट ओढलेले. पुढं गोजरा, ताठ मानेनं.

"महाराज, आणलाय! हा भुरकत नाही, ढोसत नाही, पाय हलवत नाही, हसतसुद्धा नाही. पण लाजाळू आहे. वैताग आल्याशिवाय पडदा उघडायचा नाही. घटकाभर जवळ बसा आणि पारखून घ्या."

राजा मेण्याला कान लावून बसला. आत चिडीचूप!

"वा! श्वाससुद्धा ऐकू येत नाही! याला म्हणतात माणूस!"

प्रधानांचा जीव भांड्यात पडला. राजा खुशीत येऊन म्हणाला, "आपलं नाव काय?"

उत्तर नाही.

"गाव कोणतं?"

उत्तर नाही.

"संकोच नको. आम्ही आपल्यावर प्रसन्न आहोत. बोला!"

शांतता. राजा जरा पुढं सरकला.

"अहो, राजा विचारतोय! निदान 'हूं' तरी म्हणा!"

काही नाही. राजानं मेण्यावर टकटक केलं. मग धपाधपा हात मारले. त्याच्या कानशिलावरची शीर उडायला लागली.

"झोपलात काय? मी घसा कोरडा करतोय आणि हा ढिम्म! स्वतःला समजतो तरी कोण? आजवर इतका वैताग मला एकानंही आणला नव्हता! शिपाई! ओढा त्याला बाहेर आणि बेड्या ठोका!"

दोन शिपाई बेड्या घेऊन धावले. त्यांनी पडदा सर्रकन ओढला आणि तिथंच थिजले.

"महाराज..." एक जण चाचरत म्हणाला, "बेड्या... ठोकायच्या कुणाला?"

राजानं वाकून पाहिलं. मेणा रिकामा! आत होती फक्त एक गादी आणि एक लोड.

राजा गोजराकडे वळला. "कासारणी! राजाची थट्टा करतेस?"

"नाही महाराज, आपली पैज पुरी केली. याच्यापेक्षा गुणी माणूस मला सापडला नाही! यानं काहीच केलं नाही. करणार कसा, तो नव्हताच! तरी घटकाभरात आपण त्याला बेड्या ठोकायला निघालात. जो नाहीच, त्याचाही आपल्याला एवढा वैताग येतो, तर आम्ही बापड्यांनी काय करावं? आम्ही तर आहोत!"

राजाचा चेहरा लाल झाला. गाल थरथरले. प्रधानांनी डोळे मिटून घेतले.

आणि राजा फुटला! खो-खो हसत तो त्या गादीवरच कोसळला. डोक्यावरचा मंदिल एकीकडे, राजा एकीकडे. "मी गादीला... गादीला गाव विचारलं!" एवढंच त्याला जेमतेम बोलता आलं. मग सगळा दरबार हसायला लागला.

डोळे पुसत राजा म्हणाला, "उघडा कोठडी! सोडा सगळ्यांना! आणि कासारणी, राणीवशात बांगड्या भरायचा मान आजपासून तुझा. येशील तेव्हा त्या मेण्यातूनच ये. अजून काय हवं?"

"मेणा नको महाराज, भोई तेवढे द्या," गोजरा म्हणाली. "बांगड्यांचं ओझं ते उचलतील. मी आपली चालत येईन. आत गप्प बसणं मला काही जमायचं नाही!"