कावळा कशासाठी अडला?

वासुदेव तोडकरच्या दहाव्याला घाटावर पिंड ठेवून सगळे मागे सरले, पण कावळा काही शिवेना. मेलेल्या माणसाची इच्छा मागे राहिली असली की असं होतं, म्हणतात. वासुदेवचा भाऊ पुढे होऊन म्हणाला, "पोरीचं लग्न मी करून देईन." कावळा फांदीवरून हलला नाही.

ऊन चढलं. वासुदेव ज्यांच्या फरसाणाच्या कारखान्यात जन्मभर कढईपुढे उभा राहिला, ते रतनशेठही आले होते. सत्कारांत भाषणं करायची सवय. इथंही त्यांना राहवेना.

"माणूस सोन्यासारखा होता," ते म्हणाले, "पण मोठं व्हायची जिद्द नव्हती. मी हातगाडीवरून इथवर आलो, कारण मनात आग होती. वासुदेवला कसली इच्छाच नव्हती, म्हणून शेवटपर्यंत नोकर राहिला."

तोंडाला पदर लावून बसलेली वासुदेवची बायको द्वारका उठली.

"शेठ, दर दिवाळीच्या आधी हे तुमच्याकडं यायचे, स्वतःचं दुकान काढतो म्हणून सांगायला. तुम्ही म्हणायचा, एवढी दिवाळी निभावून ने, मग जा. ह्यांना तुमचा शब्द मोडवायचा नाही. इच्छाच नव्हती म्हणता, तर मग तो कावळा कशासाठी अडलाय?"

शेठची मान खाली गेली.

द्वारकानं पिंडाकडे वळून हात जोडले.

"अहो, दुकान मी काढते. आता कुणासाठी थांबू नका."

फांदी हलली, आणि कावळा खाली उतरला.