साकवापलीकडचा आवाज

"पण ताई, वाईट गेमला तीन गुण तुम्हीही देता, मीही देतो. तुम्ही दिले की गेम करणारी माणसं तुम्हाला पत्रं लिहितात. मी दिले की शिव्या घालतात. हे काय गौडबंगाल आहे?"

कुमुदताईंनी चिंचेतला चिंचोका काढून बाजूला टाकला.

"कुठल्या शिव्या घालतात?"

ओजस पाटणकर गोंधळला. "म्हणजे... नेहमीच्याच."

"तेच तर," ताई म्हणाल्या आणि पुढची चिंच उचलली.

पन्हाळ्यावर ताईंच्या ओसरीत आम्ही तिघं बसलो होतो. ताई, ओजस आणि मी. मी विश्राम. आमच्या मासिकात ताईंचं 'खेळून पाहिलं' नावाचं सदर येतं, व्हिडिओ गेमवरच्या अभिप्रायांचं. बावीस वर्षं मी त्याची मुद्रितं तपासतोय. सरळ सांगतो, या बाईइतकं खरं लिहिणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

एकदा त्यांनी एका गेमची अशी सालटी काढली की मला वाटलं, आता वकिलाची नोटीस येणार. आलं काय, तर गेम करणाऱ्याचं पत्र. त्याने तो लेख कापून आपल्या टेबलासमोरच्या भिंतीला चिकटवला होता. पुढचा गेम त्याने सगळ्यांच्या आधी ताईंना पाठवला.

या महिन्यात ताई सदर सोडणार होत्या. ते पुढे कोणाला द्यायचं, हे संपादकांनी त्यांच्यावरच टाकलं होतं. नाव आणायला मला धाडलं होतं, कारण अंक दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला छपाईला जायचा होता.

ओजसला ते सदर हवं होतं. हवं कसलं, ते आपलंच आहे असं तो धरूनच चालला होता. वय सत्तावीस, इंटरनेटवर वाचक लाखांनी, आणि नाकावर माशी बसू देत नाही. गाडीत पूर्ण वेळ मला सांगत होता, सदराचं नाव बदलायला हवं म्हणून.

"लिहून आणलंयस ना?" ताईंनी विचारलं. "वाच."

त्याने खिशातून कागद काढला. लेख 'दर्यापार'वर होता. रत्नागिरीच्या सहा जणांनी चार वर्षं खपून केलेला मराठी गेम. दर्यावर गेलेल्या बापाला शोधत निघालेली एक कोळ्याची पोर. सगळे डोळे लावून बसले होते, आणि गेम आल्यावर सगळ्यांचाच विरस झाला.

ओजस वाचू लागला. वाचतो मात्र झकास.

"'दर्यापार' म्हणजे नुसता गाजावाजा. चार वर्षं वाट पाहायला लावली आणि पुढ्यात ठेवलं काय? सुरुवात दिमाखात, मध्येच दम सुटलेला, आणि शेवट कधी झाला ते कळतही नाही. ज्यांनी हे केलं त्यांनी स्वतः कधी याची चव घेतली होती का? दहापैकी तीन. तेही दया येते म्हणून."

ताई हसल्या. अगदी मनापासून, चष्मा काढून डोळे पुसण्याइतक्या.

मीही हसलो. ओजसने माझ्याकडे असं पाहिलं, की झालं बघा काम.

"मजा आणतोस रे," ताई म्हणाल्या. "आता एक कर. 'दर्यापार' काढ आणि तिथे 'माझ्या पुतण्याच्या लग्नातलं जेवण' असं घाल. वाच पुन्हा."

"काय?"

"वाच तर."

ओजसने वाचलं. पहिलं वाक्य चपखल बसलं. दुसरं बसलं. तिसऱ्याला त्याचा आवाज उतरला. चव घेतल्याच्या वाक्याला मला इतकं हसू आलं की खोटं खोटं खोकावं लागलं.

"लग्न खरंच चार वर्षं रखडलं होतं," ताई म्हणाल्या. "तीन गुण मात्र जास्त दिलेस."

ओजसचे कान लाल झाले. "म्हणजे गेम चांगला आहे, असं म्हणणं आहे का तुमचं?"

"छे! वाईट आहे. तू लिहिलंस त्याहून वाईट आहे."

"मग?"

"मग त्याच्याबद्दल बोल की. दुसऱ्या कशालाच चालणार नाही असं एक वाक्य सांग."

"तो साकव," ओजस म्हणाला.

"हां. काय त्याचं?"

"खाडीवरचा लाकडी साकव. शेवटच्या टप्प्यात येतो. फळीवरून फळीवर उड्या मारत जायचं. पण आपण बटण दाबलं की पोरगी जरा उशिरा उडी मारते आणि पाण्यात पडते. मग पुन्हा पहिल्या फळीपासून. वैताग आहे नुसता."

"आहे खरा. आणि साकवापलीकडे?"

"मोडकी जेट्टी. धुकं. एक उपडी घातलेली होडी. पोरगी तिथे जाऊन उभी राहते आणि गेम संपतो. बापाचं काय झालं त्याचा पत्ता नाही."

"बरं. तिथे ऐकू काय येतं?"

ओजसने हातातल्या कागदाकडे पाहिलं.

"लाटा... संगीत असेल काहीतरी."

"असेल?"

मला आधी काही उमगेना. मग टाळक्यात उजेड पडला. हल्ली गेममध्ये कुठे अडलं की पोरं इंटरनेटवर दुसऱ्याने खेळलेलं बघतात. तो खेळणारा सगळा वेळ बडबडत असतो, ओरडतो, विनोद करतो. चित्र सगळं दिसतं. गेमचा स्वतःचा आवाज मात्र त्या कलकलाटात कुठच्या कुठे जातो.

ताईंच्या जागी मी असतो तर तिथेच पकडला असता त्याला. चांगला फैलावर घेतला असता. ताई मात्र उठल्या, हात धुतले, आतल्या खोलीत गेम लावला, थेट साकवापाशी नेऊन ठेवला आणि कंट्रोलर ओजसच्या हातात दिला. मग चिंचांनी भरलेलं सूप मांडीवर घेऊन पडद्याकडे पाठ करून बसल्या.

"खेळ," एवढंच म्हणाल्या.

ओजस खेळला. पडला. पुन्हा खेळला, पुन्हा पडला. पोरगी पाण्यात पडली की डुबुक असा आवाज यायचा, आणि तो पाठीमागून ऐकू आला की ताई एक चिंचोका बाजूला काढायच्या.

नवव्यांदा पडला तेव्हा त्याने त्या सहाही जणांचा उद्धार केला. पंधराव्यांदा पडल्यावर कंट्रोलर खराब आहे म्हणाला. ताईंनी कपाटातून दुसरा दिला. त्यावरही पडला.

मी चहा केला. आम्ही दोघांनी घेतला, त्याचा गार झाला.

विसाव्यांदा पडल्यावर तो पुढे सरकून, गुडघ्यांवर कोपरं टेकून बसला. मला खरं तर त्याची कीव यायला लागली होती. म्हटलं, ताई, पुरे आता. पण त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून गप्प बसलो.

"ओली फळी," ओजस एकदम म्हणाला.

"काय?"

"फळी ओली असली की उडी उशिरा लागते. सुकी असली की वेळेवर. मुद्दाम केलंय तसं. पण ओली आणि सुकी दिसायला सारखीच आहे हो ताई! नुसता रंग गडद केला असता तरी भागलं असतं. एवढीशी तर गोष्ट. चार वर्षं खपले आणि एवढं कोणी सांगितलं नाही त्यांना?"

ताईंचा हात थांबला. त्यांनी मान वळवली नाही, पण गालात हसल्या ते मला दिसलं.

ओजस पुन्हा खेळला. या वेळी निम्म्याच्या पुढे गेला. दोन फळ्या राहिल्या होत्या. मी श्वास धरून बघत होतो, या वयात.

डुबुक.

त्याने कंट्रोलर हळूच जमिनीवर ठेवला. पडद्यावर पोरगी पुन्हा पहिल्या फळीपाशी येऊन उभी होती.

"ताई."

"बोल."

"सदर दुसऱ्या कोणाला तरी द्या."

ताईंनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

"मला हा साकव ओलांडता आला नाही. तेव्हाही नाही आणि आत्ताही नाही. पुढचं मी दुसऱ्याने खेळलेलं बघून लिहिलं."

हे तो माझ्यासमोर बोलला. मी मासिकाचा माणूस, उद्या चार ठिकाणी सांगितलं असतं तर पोराची अब्रू गेली असती. ते त्यालाही कळत होतं आणि तरी बोलला. खोटं कशाला सांगू, मला तो त्या घटकेला पहिल्यांदा आवडला.

तो उठला. ओसरीत आला, चपला घातल्या. पायरीवर थांबून मागे वळला.

"एवढं तरी सांगा. काय ऐकू येतं तिथे?"

ताईंनी ओसरीत पडलेला त्याचा लेख उचलला. उलटा केला. कोरी बाजू वर आली, ती त्याच्यासमोर धरली आणि माझ्या खिशातलं पेन काढून त्यावर ठेवलं.

"'मला हा साकव ओलांडता आला नाही.' सदराचं पहिलं वाक्य झालं तुझं," त्या म्हणाल्या. "बाकीचं उद्या बाराच्या आत विश्रामकडे दे."